'हाफ मर्डर' लागला म्हणजे दहा वर्षं लागली, असं नसतं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हाला पाहता येईल. बांधावरून चुलत्यांशी जुंपली. धाकट्या भावाने कुऱ्हाडीच्या तुंब्याने, म्हणजे बोथट बाजूने, चुलतभावाच्या डोक्यात एक फटका मारला. सहा टाके पडले आणि चौथ्या दिवशी तो दवाखान्यातून घरी आला. पोलिसांनी भारतीय न्याय संहितेचं कलम १०९, म्हणजे खुनाचा प्रयत्न, आणि त्यासोबत ३(५), म्हणजे समाईक इरादा, लावलं, भावाला अटक झाली. तुम्ही 'नुसते तिथे उभे होता', तरी तुमचं नाव आरोपी नंबर दोन म्हणून आहे. गाव म्हणतंय, हाफ मर्डर आहे, दहा वर्षं कुठे जात नाहीत. तुम्हाला हवंय ते एवढंच: हा गुन्हा कोणत्या प्रकारात बसतो आणि शिक्षा व्हायला कोर्टापुढे नेमकं काय शाबीत व्हावं लागतं.

मी अठ्ठावीस वर्षं फौजदारीच करतोय, त्यातली निम्मी तरी प्रकरणं बांध, पाणी आणि वाट यांचीच. त्यामुळे पहिली गोष्ट स्पष्टच सांगतो. फिर्यादीवर लिहिलेला कलमाचा आकडा हा पोलिसांचा त्या दिवशीचा अंदाज असतो. तपासात तो बदलतो, आरोप निश्चितीच्या वेळी बदलू शकतो आणि निकालातही बदलतो. त्या आकड्याच्या पोटात जे घटक असतात ते मात्र बदलत नाहीत. कलमाचे चार घटक असतील आणि सरकार पक्षाने तीनच शाबीत केले, तर त्या कलमाखाली शिक्षा नाही. तीन घटकांना पंचाहत्तर टक्के शिक्षा असा हिशेब फौजदारीत नसतो.

प्रकारांचं लवकर उरकतो, कारण तिथे लोक उगाच घाबरतात. दखलपात्र म्हणजे पोलीस स्वतःहून गुन्हा नोंदवून तपास आणि अटक करू शकतात. अदखलपात्र, ज्याला आपण 'एनसी' म्हणतो, त्यात मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास नाही. जामीनपात्रात जामीन हा हक्क, अजामीनपात्रात तो कोर्टाच्या विवेकावर. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही, हा गैरसमज मला आठवड्यातून दोनदा तरी दूर करावा लागतो. तिसरी वाटणी तडजोडीची: काही गुन्हे फिर्यादीशी मिटवता येतात, काही कोर्टाच्या परवानगीने, काही मुळीच नाही. आणि खटला कुठे चालणार, मॅजिस्ट्रेटपुढे की सत्र न्यायालयात, ही चौथी.

ही वाटणी गुन्हा किती मोठा यावरच ठरते असं समजू नका. हाड मोडलं तर कलम ११७(२), शिक्षा सात वर्षांपर्यंत, तरी जामीनपात्र. साधी चोरी, कलम ३०३(२), तीन वर्षांपर्यंत, तरी अजामीनपात्र. तेव्हा 'अजामीनपात्र लागलं म्हणजे भयंकरच असणार' हा तर्क सोडून द्या. तुमच्या भावाचं १०९ हे दखलपात्र, अजामीनपात्र, सत्र न्यायालयात चालणारं आणि तडजोड न होणारं आहे. जुन्या भारतीय दंड संहितेतलं ३०७ ते हेच. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू झाला. घटना त्याआधीची असती तर जुनंच कलम लागलं असतं. आकडा बदलला, आतला मसाला जवळजवळ तोच आहे.

आता तो मसाला. कलम १०९ असं म्हणतं की एखाद्याने अशा इराद्याने किंवा अशा जाणिवेने, आणि अशा परिस्थितीत कृत्य केलं, की त्या कृत्याने मरण आलं असतं तर तो खून ठरला असता, तर तो खुनाचा प्रयत्न. दहा वर्षांपर्यंत शिक्षा, आणि त्या कृत्याने इजा झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत. म्हणजे घटक दोन: कृत्य आणि इरादा अथवा जाणीव. तुमच्या प्रकरणात कृत्याबद्दल वाद होईल असं दिसत नाही, फटका मारलाय. सगळा खटला दुसऱ्या घटकावर उभा राहील किंवा पडेल.

इथे एक गोष्ट तुमच्या चुलत्यांच्या बाजूची सांगतो, म्हणजे तुम्ही खोट्या दिलाशात राहणार नाही. 'जखम साधी आहे, म्हणजे १०९ टिकत नाही' असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेल. ते चूक आहे. १९८३ साली महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की या कलमासाठी जीव जाण्याजोगी जखम झालीच पाहिजे असं नाही. माणसाने गोळी झाडली आणि ती कानाजवळून गेली, जखम शून्य, तरी गुन्हा पूर्ण होऊ शकतो. जखम हा इराद्याचा एक पुरावा आहे, इराद्याची अट नाही.

मग इरादा शाबीत कसा होतो? कुणाच्या डोक्यात कुणी डोकावून पाहत नाही. कोर्ट बाहेरच्या खुणांवरून आत काय होतं ते ठरवतं. हत्यार कोणतं, ते कुठून आलं, घाव शरीराच्या कोणत्या भागावर, किती वेळा, किती जोराने, तोंडात काय शब्द होते, आणि पुढे मारायची संधी असताना माणूस थांबला की कुणी धरलं म्हणून थांबावं लागलं. तुमच्या प्रकरणात एक खूण वाईट आहे: फटका डोक्यावर आहे. बाकीच्या मात्र बोलक्या आहेत. धारेची बाजू हातात असून तुंब्याने मारलं. एकच मारला. कुऱ्हाड बाभळी तोडायला आधीपासूनच शेतात होती, घरातून शोधून आणलेली नव्हती, असं तुम्ही म्हणता. हे खरं असेल तर घटनास्थळाच्या पंचनाम्यात तोडलेल्या फांद्यांचा उल्लेख आहे का ते आजच पाहा. एवढ्याशा ओळीवर खटल्याचा रंग बदललेला मी पाहिलाय.

हेतू आणि इरादा यांची गल्लत करू नका. बांधाचा वाद हा हेतू, म्हणजे भांडणाचं कारण. तो दुधारी असतो. त्यामुळे मारलं असेल असं सरकारी वकील म्हणतील, आणि त्यामुळेच खोटं गुंतवलं असेल असं मी म्हणेन. डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार असेल तर हेतू शाबीत झाला नाही तरी चालतं. इरादा किंवा जाणीव मात्र शाबीत व्हावीच लागते.

जाता जाता: प्रत्येक गुन्ह्यात मनाची अशी झडती घेतली जाते असंही नाही. १९६२ च्या नोव्हेंबरात झ्युरिकहून मनिलाला निघालेला एक जर्मन प्रवासी मुंबईच्या विमानतळावर विमानातच बसून होता, अंगावरच्या जाकिटात ३४ किलो सोनं. भारतातला नवा नियम त्याला ठाऊकच नव्हता. उच्च न्यायालयाने त्याला सोडलं. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये बहुमताने उलट ठरवलं: परकीय चलनाच्या त्या कायद्यात दोषी मन शाबीत करण्याची गरज नाही. पण असे कायदे वेगळे. मारहाण, चोरी, फसवणूक, खून या सगळ्यांत मन हाच अर्धा गुन्हा असतो. फसवणुकीचंच घ्या. पैसे घेतले आणि परत केले नाहीत एवढ्याने फसवणूक होत नाही, घेतानाच बुडवायचं मनात होतं हे दाखवावं लागतं. उसनवारीच्या असंख्य फिर्यादी नेमक्या इथेच गळतात.

परत तुमच्या बांधावर येऊ. कलमात 'तो खून ठरला असता' हे शब्द आहेत. त्यातच तुमच्या भावाची खरी वाट आहे. समजा, देव न करो, तो चुलतभाऊ गेला असता, तर हा खून झाला असता का? खुनाच्या व्याख्येला, कलम १०१ ला, अपवाद आहेत. त्यातला एक अचानक झालेल्या भांडणाचा: आधी ठरवलेलं नाही, रागाच्या भरात झटापट झाली, आणि मारणाऱ्याने गैरफायदा घेतला नाही की क्रूरपणा केला नाही. अशा वेळी मरण आलं तरी तो खून नसतो, सदोष मनुष्यवध असतो. आणि मरण आलं नाही तर प्रयत्नही खुनाचा नसतो, तो सदोष मनुष्यवधाचा: कलम ११०. तिथे शिक्षा तीन वर्षांपर्यंत, इजा झाली असेल तर सात. दहा वर्षं किंवा जन्मठेप, आणि सात वर्षांच्या आतलं काही, यात माणसाचं आयुष्य बसतं.

मात्र 'अचानक' आणि 'रागाच्या भरात' हे शब्द कोर्ट घड्याळ लावून तपासतं. नानावटी प्रकरण सगळ्यांना ऐकून माहीत असतं. एप्रिल १९५९ मध्ये पत्नीने प्रेम अहुजांशी असलेले संबंध कबूल केल्यावर नौदलातले कमांडर नानावटी कुटुंबाला सिनेमाला सोडून जहाजावर गेले, तिथून रिव्हॉल्व्हर घेतलं, मग अहुजांच्या घरी गेले आणि तिथे अहुजा गोळ्यांनी मेले. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं, तरी उच्च न्यायालयाने शिक्षा दिली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. कारण हेच: अचानक आणि गंभीर चिथावणीचा अपवाद मिळायला मध्ये डोकं शांत व्हायला वेळ मिळालेला असता कामा नये, आणि इथे तो भरपूर होता. म्हणून तुम्हाला विचारतो, आणि वकिलाला खरं उत्तर द्या: सकाळी शिवीगाळ झाली, भाऊ घरी गेला, जेवला आणि दुपारी परत आला, असं काही आहे का? असेल तर अपवादाची भिंत कच्ची आहे. एका दमात सगळं घडलं असेल तर पक्की.

समजा कोर्टाला जिवे मारण्याचा इरादा किंवा तशी जाणीवच दिसली नाही. मग ११० ही नाही, आणि शिडी आणखी खाली येते. सत्र न्यायाधीश मोठ्या आरोपात छोट्या गुन्ह्याची शिक्षा देऊ शकतात, त्यासाठी वेगळा आरोप ठेवावाच लागतो असं नाही. खाली काय आहे ते जखमेवर ठरतं. साधी दुखापत ११५(२), एक वर्षापर्यंत, तीही अदखलपात्र. धोकादायक हत्याराने साधी दुखापत ११८(१), तीन वर्षांपर्यंत. गंभीर दुखापत ११७(२). हत्याराने गंभीर दुखापत ११८(२), किमान एक वर्ष आणि वर थेट जन्मठेपेपर्यंत.

'गंभीर' हा शब्द डॉक्टरांचा नाही, कायद्याचा आहे. कलम ११६ मध्ये आठच प्रकार दिलेत: डोळा, कान, अवयव किंवा सांधा कायमचा निकामी होणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं, हाड किंवा दात मोडणं किंवा निखळणं, जिवाला धोका, वगैरे. शेवटच्या प्रकारात जखमी माणूस पंधरा दिवस तीव्र वेदनेत असेल किंवा रोजची कामं करू शकत नसेल तर तेही येतं. जुन्या कायद्यात हे वीस दिवस होते, नव्यात पंधरा केलेत, लक्षात ठेवा. सहा टाके म्हणजे गंभीर, असा नियम कुठेही नाही. डोक्याच्या कवटीला तडा नसेल आणि या आठांतलं दुसरंही काही नसेल तर सर्टिफिकेटवर 'साधी' असंच यायला हवं. आणि तडा आहे असं म्हणणं असेल, तर एक्स-रेची प्लेट किंवा सीटी स्कॅनचा रिपोर्ट कोर्टात यावा लागतो, तो वाचणारा डॉक्टर साक्षीला यावा लागतो. वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका प्रकरणात 'फ्रॅक्चर' हा शब्द फक्त सर्टिफिकेटवर होता आणि प्लेट दवाखान्याच्या कपाटातून कधी बाहेरच आली नाही. गंभीर दुखापत तिथेच गळली. डॉक्टरांना साक्षीत हत्यार दाखवलं की नाही, हेही पाहायचं. कुऱ्हाडीच्या धारेने कापल्याची जखम आणि तुंब्याने फुटल्याची जखम यांच्या कडा वेगळ्या असतात. फिर्यादी 'धारेने मारलं' म्हणतोय आणि सर्टिफिकेट 'बोथट वस्तूने' म्हणतंय, असं झालं तर उलटतपासणीला पहिला धागा मिळाला.

आता तुम्ही स्वतः. 'नुसता उभा होतो' हे वाक्य तुम्हाला वाटतं तितकं सुरक्षित नाही. कलम ३(५), जुनं ३४, सांगतं की सर्वांचा समाईक इरादा पुरा करण्यासाठी कृत्य झालं असेल तर प्रत्येकजण ते आपणच केल्यासारखा जबाबदार. १९२४ साली प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या लंडनमधल्या शेवटच्या अपील कोर्टापुढे, बंगालमधल्या एका टपाल कार्यालयाच्या दरोड्याचं प्रकरण आलं. पोस्टमास्तर गोळीने मेला. एक आरोपी म्हणाला, मी तर बाहेर अंगणात उभा होतो. त्याचा खुनाचा दोष कायम राहिला, कारण पहारा देणं हाच त्याचा वाटा होता. पण त्याच प्रिव्ही कौन्सिलने १९४५ मध्ये सिंधू नदीकाठच्या भांडणात उलट निकाल दिला. काठावरचं गवत कुणी घ्यायचं यावरून तंटा. दोघे बंदुका घेऊन धावून आले, एकाच्या गोळीने माणूस मेला, दुसऱ्याच्या गोळीने दुसरा जखमी झाला. न्यायालय म्हणालं, दोघांचा इरादा सारखा असू शकतो, पण सारखा आणि समाईक यात फरक आहे. समाईक म्हणजे आधी मनं जुळलेली, मग ती क्षणभर आधी का जुळेनात. खुनाचा तसा इरादा शाबीत झाला नाही आणि दुसरा माणूस त्या आरोपातून सुटला.

या दोन टोकांच्या मध्ये तुम्ही कुठे आहात ते फिर्यादीतल्या क्रियापदावर ठरेल. 'मोठा भाऊ सोबत होता' असं असेल तर सरकार पक्षाचं काम कठीण. 'मोठ्याने धरलं आणि धाकट्याने मारलं' असं असेल तर तुमचं. गावाकडच्या फिर्यादीत 'धरून ठेवलं' हे दोन शब्द फार सहज येतात, कारण घरातला प्रत्येक पुरुष आत जावा अशी इच्छा असते. म्हणून पहिली फिर्याद, मग जखमीचा पहिला जबाब, दवाखान्यात डॉक्टरांना सांगितलेली हकिकत, आणि नंतरचे पुरवणी जबाब, हे ओळीने ठेवून वाचा. 'धरून ठेवलं' पहिल्यांदा कितव्या कागदावर आलं ते शोधा. चौथ्या दिवशीच्या पुरवणी जबाबात उगवलं असेल तर त्याची किंमत कोर्टाला कळते. आरोपी पाच किंवा अधिक दाखवून कलम १९०, म्हणजे बेकायदेशीर जमावाची जबाबदारी, लावलं असतं तर हिशेब वेगळा झाला असता, तिथे जमावाचं उद्दिष्ट पाहतात. तुमच्याकडे ते नाही, बरं आहे.

तुम्ही म्हणता, आधी त्यांनीच भावाच्या पाठीत काठी घातली. मग भावाच्या अंगावरचे वळ कागदावर आहेत का? अटकेनंतर वैद्यकीय तपासणी होतेच, तो कागद मिळवा. आरोपीच्या अंगावरच्या जखमांचा सरकार पक्षाने खुलासा केला नाही तर घटनेचा खरा उगम लपवला जातोय असा निष्कर्ष कोर्ट काढू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच सांगितलंय. जखम किरकोळ असेल तर हा मुद्दा तितका वजनदार राहत नाही. खासगी बचावाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. तो आणि खुनाचे अपवाद दाखवण्याचा भार आरोपीवर येतो, हे खरं. पण सरकार पक्षाला वाजवी संशयापलीकडे शाबीत करावं लागतं तसं आरोपीला नाही करावं लागत. त्याची बाजू अधिक शक्य वाटली तरी पुरे, आणि तीही बहुधा त्यांच्याच साक्षीदारांच्या उलटतपासणीतून उभी करायची असते. तुम्हीही उलट फिर्याद दिली असेल तर दोन्ही खटले एकाच न्यायाधीशापुढे, एकामागोमाग चालवून निकाल त्याच दिवशी द्यावेत, अशी पद्धत आहे. तसा अर्ज वेळेत करा.

शाबिती म्हणजे किती, हे १९७३ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सांगितलं: 'केलं असेल' आणि 'केलंच असलं पाहिजे' यातलं अंतर मोठं आहे. त्याच निकालात त्यांनी हेही बजावलंय की फालतू संशयावर आरोपीला सोडणंही न्याय नाही. तेव्हा पंच फितूर झाला म्हणजे खटला संपला, असं मानू नका. जप्तीचा पंच उलटला तरी तपासी अंमलदाराच्या साक्षीवर जप्ती शाबीत होऊ शकते. आणि जखमी साक्षीदाराचं वजन नेहमीच जास्त, कारण तो तिथे होता हे त्याची जखमच सांगते. त्याला पूर्ण खोटं पाडायचा नाद धरू नका. त्याने वाढवून सांगितलंय एवढंच दाखवायचं.

पोलिसांपुढे भावाने काही कबूल केलं असेल तर ती कबुली पुराव्यात येत नाही. त्याच्या सांगण्यावरून कुऱ्हाड सापडली असेल तर तेवढाच भाग येतो. पण कुऱ्हाड शेतातच सर्वांसमोर पडलेली होती ना? मग 'काढून दिली' या पंचनाम्याला काही अर्थ उरत नाही. नव्या कायद्यात जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं. ते मागा.

तारखांचं पाहा: या कलमात दोषारोपपत्राला नव्वद दिवस. ते त्या आत आलं नाही तर भावाला जामिनाचा हक्क मिळतो, पण अर्ज दोषारोपपत्र येण्याआधी टेबलावर असला पाहिजे. तुम्हाला अजून अटक नाही, तेव्हा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज या आठवड्यात टाका. प्रकरण सत्र न्यायालयाकडे गेल्यावर दोषमुक्तीच्या, म्हणजे खटला चालण्याआधीच आरोपातून सुटण्याच्या, अर्जाला साठ दिवसांची मुदत आहे. तो तुमच्यासाठी करावा, भावासाठी मी करणार नाही.

घरातले म्हणतील, चुलत्यांशी बसून मिटवा. १०९ चा गुन्हा खालच्या कोर्टात मिटत नाही. उच्च न्यायालय रद्द करू शकतं, आणि २०१४ पासून सर्वोच्च न्यायालयाची दिशा अशी आहे की नुसतं कलमाचं नाव न पाहता जखम कुठे, हत्यार कोणतं, वैद्यकीय पुरावा काय सांगतो ते पाहावं. तुमच्या प्रकरणात त्याला जागा आहे. मात्र बोलणं वडीलधाऱ्यांमार्फत आणि वकिलांच्या कानावर घालून होऊ द्या. भाऊ जामिनावर सुटला की लगेच तुम्ही दोघे त्यांच्या दारात गेलात, तर 'साक्षीदाराला धमकावलं' अशी दुसरी फिर्याद येईल आणि पहिला जामीनही जाईल.

बांधाच्या मोजणीचा अर्ज केला नसेल तर भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयात लगेच करा. मोजणीची नोटीस दोघांनाही जाते, तेव्हा त्या दिवशी शेतात तुमच्याकडून एक शांत माणूस पाठवा. तुम्ही दोघे भाऊ जाऊ नका.